पंचवीस हजारांत गाडी किती खाली बसवता येईल?

करवीरकर

नमस्कार. माझ्याकडे २०१२ सालची डिझेल स्विफ्ट आहे. ती एक लाख अठरा हजार किलोमीटर चालली असून चारही शॉकअप मूळचेच आहेत. आठवड्याचे पाच दिवस गाडी कोल्हापूर ते शिरोली एवढीच धावते, पण महिन्यातून एकदा गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडीला आजोळी जाणे होते आणि तिथल्या वळणांवर ती इतकी कुशीवर कलते की मागे बसलेली आई दरवाजावरची मूठ घाट संपेपर्यंत सोडत नाही. शिवाय, खोटे कशाला सांगू, मागचे चाक आणि फेंडर यांच्यातली पोकळी डोळ्यांना खुपते. माझा पंजा त्यात आडवा जातो.

हाताशी पंचवीस हजार रुपये आहेत. उद्यमनगरातले एक मिस्त्री पंधराशे रुपयांत चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून द्यायला तयार आहेत. एका दुकानाने तीस मिलिमीटर खाली बसवणाऱ्या तयार स्प्रिंगांच्या संचाचे फिटिंगसह अठरा हजार सांगितले आहेत. आट्यांवर उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचे जोडसंच, सत्तर हजारांच्या पुढे जातात, तेव्हा ते नवे घेणे शक्य नाही. वापरलेले मिळाल्यास घ्यावेत का, हेही कळत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनी_एस्टीम

करवीरकर, पंधराशे रुपयांचा मार्ग मी चालून आलो आहे, म्हणून आधी मीच लिहितो. माझ्या जुन्या मारुती एस्टीमच्या स्प्रिंगा मी एका गॅरेजमध्ये कापून घेतल्या होत्या. तिथे गॅस कटिंगने वेढा उडवला गेला आणि कापलेल्या टोकापासून चार बोटे अंतरापर्यंतची तार निळसर-जांभळी पडली. त्या रंगाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. स्प्रिंगेच्या पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी त्या उष्णतेने उतरते, आणि मग तेवढा भाग हळूहळू बसत जातो किंवा एखाद्या दिवशी तुटतो.

पहिले दोन आठवडे मी खुशीत होतो. नंतर कमी वेगात स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढच्या चाकातून टण्ण असा आवाज येऊ लागला. जॅक लावून चाक अधांतरी केले तेव्हा कारण दिसले. शॉकअपचा दांडा पूर्ण बाहेर आला होता, पण आखूड झालेली स्प्रिंग वरच्या ताटलीपर्यंत पोचतच नव्हती. ती मी दोन बोटांनी गोल फिरवली. जी वस्तू बसवायला मेकॅनिकला स्प्रिंग-कॉम्प्रेसर लावून दाबावी लागते ती बोटांनी फिरते, हे पाहून घाम फुटला. खड्ड्यात चाक लोंबले की स्प्रिंग आपली जागा सोडायची आणि गाडी खाली आली की कुठेतरी वेडीवाकडी टेकायची. मूळ स्प्रिंगाच कापलेल्या होत्या, त्यामुळे नव्या विकत घ्याव्या लागल्या.

मीटरपट्टी

एस्टीमवाल्यांनी लिहिलेला बिघाड गॅस कटिंगऐवजी ग्राइंडरने कापले असते तरी झाला असता, कारण लांबी तेवढीच घटली असती. कापण्याचे गणित एकदा नीट मांडतो.

स्प्रिंगेचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांतला एक गेला की उरलेली स्प्रिंग वीस टक्क्यांनी कडक होते. त्यामुळे पन्नास मिलिमीटरचा तुकडा कापला म्हणजे गाडी पन्नास मिलिमीटर खाली येते, असे होत नाही. समजा, एका कोपऱ्यावर सुमारे तीनशे किलो भार आहे आणि एक मिलिमीटर दाबायला दोन किलो लागतात; म्हणजे मूळ स्प्रिंग दीडशे मिलिमीटर दबलेली असते. कापल्यावर तिला मिलिमीटरमागे दोन किलो चारशे ग्रॅम लागतील आणि ती सव्वाशेच दबेल. पन्नास कापूनही गाडी पंचवीसच खाली आली. हे पाहून लोक आणखी अर्धा वेढा उडवतात, आणि तिथून पुढे सगळे बिघडते.

शॉकअपचे काम स्प्रिंगेची उसळी शमवणे. स्प्रिंग वीस टक्के कडक झाली आणि शॉकअप तोच राहिला, तर त्याची शमवण्याची ताकद त्या मानाने सुमारे नऊ टक्के अपुरी पडते. नवा शॉकअप हे सहन करतो. एक लाख अठरा हजार चाललेल्या शॉकअपकडून ती अपेक्षा करू नये. तुमची गाडी घाटात कलते त्यात उंचीचा वाटा किती आणि दमलेल्या शॉकअपचा, सांध्यांतल्या फाटलेल्या रबरी बुशांचा किती, हे आधी ठरवा.

दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पुढच्या बाजूला स्विफ्टमध्ये मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवलेले असतात. गाडी खाली आणली की चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा कोन बदलतो आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. परिणामी दोघांमधले अंतर, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ, उलट लांब होते. वीस-तीस मिलिमीटरपर्यंत कडक स्प्रिंग ही वाढ भरून काढते. साठ मिलिमीटर खाली बसवलेली गाडी दिसायला चिकटून चालते, पण वळणावर तिचा मूळचा गुण हरवलेला असतो.

बारामतीकर_०७

मी गेली दोन वर्षे कापलेल्या स्प्रिंगांवर गाडी चालवतो आहे आणि मला काहीही त्रास नाही. ग्राइंडरने, पाणी मारत, पाऊण वेढा कापला होता. इंटरनेटवर सगळे जण भीती घालतात.

मीटरपट्टी

बारामतीकर, तुम्ही ग्राइंडर वापरला आणि पाऊणवरच थांबलात, हे चांगलेच झाले. तरी एकदा गाडी जॅकवर घेऊन चारही स्प्रिंगा हाताने हलवून पाहा आणि इथे कळवा. एकही हलत नसेल तर मी माझे शब्द मागे घेईन.

कोकणवाट

वापरलेल्या कॉइलओव्हरविषयी लिहितो, कारण सावंतवाडीत मी असा एक संच घेऊन पस्तावलो आहे. आट्यांवर फिरणाऱ्या कड्यांनी उंची बदलते, हे कागदावर फार सुंदर वाटते. एका पावसाळ्यात आमच्याकडची तांबडी माती त्या आट्यांत जाऊन बसली, वर खाऱ्या हवेचा गंज, आणि ऑक्टोबरात कडी फिरवायला गेलो तर हातोडी आणि छिन्नी घ्यावी लागली. शिवाय वापरलेल्या संचातला शॉकअप आतून कितपत उरला आहे, हे बाहेरून कळत नाही आणि तो उघडून दुरुस्त करणारा कारागीर आपल्या भागात सहज सापडत नाही. सत्तर हजारांची वस्तू पंचवीसमध्ये मिळते तेव्हा उरलेले पंचेचाळीस कुठे गेले, हे विचारावे.

सही_शिक्का

कायद्याची बाजू कुणीतरी मांडणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ मालकांच्या बाजूने सैल न करता कडकच ठेवला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

यावर नेहमीचा युक्तिवाद येतो की आरसीवर गाडीची जमिनीपासूनची उंची छापलेलीच नसते. हा युक्तिवाद मी ऐकला आहे. त्याच्या भरवशावर मी स्वतः पैसे लावणार नाही. दंडापेक्षाही मोठा प्रश्न विम्याचा आहे. बदल कळवलेला नसेल आणि अपघाताच्या पाहणीत तो नजरेस आला, तर दाव्यात अडचण येऊ शकते. पंचवीस हजारांच्या हिशेबात हा धोका कुणीच धरत नाही.

नेकारकाठ

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो, म्हणून इकडची पद्धत थोडक्यात लिहितो. आयबाख किंवा एच अँड आर यांसारख्या कंपन्यांच्या स्प्रिंगांसोबत त्या विशिष्ट मॉडेलसाठीचे तपासणी प्रमाणपत्र येते. स्प्रिंगा बसवल्यावर टीयूव्हीसारख्या तपासणी संस्थेकडे गाडी नेऊन दाखवायची, तो निरीक्षक चाक कुठे घासते का हे पाहतो, दिव्यांचा झोत तपासतो, आणि मग तो बदल गाडीच्या कागदपत्रांत चढतो. त्यामुळे इथे कापलेल्या स्प्रिंगांची गाडी निरीक्षकासमोर उभी करण्याची कुणाची छाती होत नाही. पद्धत खर्चिक आहे, पण आपण कायद्याच्या कुठल्या बाजूला आहोत हे माणसाला ठाऊक असते.

करवीरकर

सर्वांचे आभार. कापण्याचा आणि वापरलेल्या कॉइलओव्हरचा विचार मी सोडला. कायद्याची बाजू वाचून थोडा थबकलो आहे, हेही मान्य करतो. तरी तीस मिलिमीटरच्या तयार स्प्रिंगांचा विचार मनातून जात नाही. कंपनीने गाडीला जमिनीपासून १७० मिलिमीटरची मोकळीक दिली आहे. त्यातून तीस गेले तरी १४० उरतात आणि गतिरोधक तर दहाच सेंटिमीटर उंच असतो ना?

मीटरपट्टी

गतिरोधकाचे उदाहरण तुम्हीच काढलेत, म्हणून त्याचेही माप घेऊ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो; ताशी पंचवीस किलोमीटर वेगासाठी तो आखलेला आहे. तुमच्या स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २.४३ मीटर. म्हणजे गाडीचे पोट बरोबर माथ्यावर असते तेव्हा चारही चाके त्याच उंचवट्यावर उभी असतात आणि चाकांच्या पातळीपेक्षा माथा जेमतेम ४३ मिलिमीटर वर असतो. अशा गतिरोधकावर १४० काय, १०० मिलिमीटरची गाडीसुद्धा घासत नाही.

घासते ती आपल्या गल्लीतल्या गतिरोधकावर. डांबराचा उरलेला घमेलाभर माल टाकून केलेला, हातभर रुंद आणि वीतभर उंच. तो दोन्ही चाकांच्या मधे उभा राहतो, तेव्हा त्याची सगळीच्या सगळी उंची गाडीच्या पोटाला सोसावी लागते. त्याच्यासाठी तुमचे १७० सुद्धा कधी कधी अपुरे पडतात, कारण तो आकडा भरलेल्या गाडीचा नसतो.

पण जमिनीपासूनची मोकळीक हा माझ्या मते दुय्यम प्रश्न आहे. चाकाला वर जायला किती जागा उरते, हा खरा प्रश्न. तो सोडवायला पैसे लागत नाहीत. मागच्या शॉकअपवरचे रबरी धूळकव्हर वर सरकवा, आतल्या चकचकीत दांड्याला एक बारीक केबल टाय बांधा आणि तो सिलिंडरच्या तोंडाशी टेकेल असा खाली ओढा. रिकाम्या गाडीत सिलिंडरच्या तोंडापासून वरच्या बंप रबरापर्यंतचे, म्हणजे शॉकअप तळाला आपटताना धक्का झेलणाऱ्या रबरापर्यंतचे, अंतर मोजून लिहून ठेवा. नंतर नेहमीच्या माणसांसह, नेहमीच्या सामानासह घाट उतरून या. सिलिंडर वर चढताना टायला ढकलतो आणि खाली आल्यावर टाय तिथेच राहतो. तो किती वर गेला आहे ते पाहिल्यावर तीस मिलिमीटर तुमच्याकडे शिल्लक आहेत की नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळेल.

खंबाटकी_रोजचा

मी स्वतः पेट्रोल गाडीला तयार स्प्रिंगा बसवल्या आहेत आणि समाधानी आहे, तेव्हा दुसरी बाजूही यावी. फक्त तीन गोष्टी सांगतो, कारण त्या मला कुणी आधी सांगितल्या नव्हत्या.

संच पेट्रोलचा की डिझेलचा, हे डोळ्यांनी खोक्यावर वाचून घ्या. तुमची डिझेल स्विफ्ट त्याच पिढीच्या पेट्रोलपेक्षा सुमारे शंभर किलोने जड आहे आणि ते ओझे बहुतेक सगळे नाकावर आहे. पेट्रोलच्या स्प्रिंगा घातल्यात तर पुढची बाजू ठरल्यापेक्षा जास्त बसेल आणि गाडी कायम ब्रेक मारल्यासारखी दिसेल.

दुसरे म्हणजे बुशांचे बोल्ट. गाडी लिफ्टवर, चाके लोंबत असताना मेकॅनिक लोअर आर्मचे बोल्ट पूर्ण आवळतो. मग गाडी खाली उतरली की आतले रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि काही महिन्यांत फाटते. बोल्ट आधी हलके लावून, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी केल्यावरच शेवटचा पाना फिरवायला सांगा. हे सांगितल्यावर आमचे मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले, पण त्यांनी तसे केले. आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून थांबू नका. स्प्रिंगा दोन-चारशे किलोमीटरमध्ये आणखी थोड्या बसतात, तेव्हा ते पुन्हा करावे लागते. मी आळस केला आणि पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड अशी खाल्ली गेली की बाहेरून नवे वाटणारे टायर आतून गुळगुळीत होते.

रिमवेडा

एक स्वस्त पर्याय कुणी सुचवला नाही. १६५/८० आर १४ टायरांच्या जागी १८५/६५ आर १४ टाका. चाकाचा व्यास ६२० वरून ५९६ मिलिमीटरवर येतो, म्हणजे सस्पेन्शनला हात न लावता गाडी बारा मिलिमीटर खाली.

मीटरपट्टी

गणित बरोबर आहे आणि गाडी खरोखरच बारा मिलिमीटर खाली येईल. पण चाकच लहान झाल्याने फेंडरखालची पोकळी तेवढीच वाढेल, आणि करवीरकरांना खुपते आहे ती नेमकी पोकळीच. वर स्पीडोमीटर जवळपास चार टक्के जास्त वेग दाखवील.

करवीरकर

उशिराबद्दल क्षमस्व. मीटरपट्टी यांचा केबल टायचा प्रयोग केला आणि त्यानेच माझा निर्णय झाला.

रिकाम्या गाडीत मागच्या शॉकअपवर सिलिंडरच्या तोंडापासून बंप रबरापर्यंत ६२ मिलिमीटर भरले. शनिवारी आई, वडील, पत्नी, मी आणि डिकीत तांदळाचे एक पोते, असे वैभववाडीहून घाट चढून आलो. येताना मोजले तर नुसत्या भाराने त्या ६२ पैकी ४४ मिलिमीटर आधीच खर्ची पडले होते. घरी येऊन धूळकव्हर वर केले तेव्हा टाय बंप रबराला जाऊन भिडलेला होता, इतका की त्याची गाठ चेपून सपाट झाली होती आणि रबरावर तिचा ठसा उमटला होता. म्हणजे आज, मूळ उंचीवर, माझी गाडी घाटात तळाला आपटते आहे. भरल्या गाडीत उरतात अठरा मिलिमीटर आणि मी त्यातून तीस काढायला निघालो होतो. नवी स्प्रिंग वीस टक्के कडक आहे असे धरले तरी हिशेब उणेच येतो. चार माणसे बसली की गाडी स्प्रिंगांवर नव्हे, बंप रबरावरच चालली असती.

तेव्हा स्प्रिंगा घेतल्या नाहीत. चारही शॉकअप गॅस भरलेले नवे घातले, पुढची वरची माउंटिंगे बेअरिंगसह बदलली, दोन्ही लोअर आर्म आणि गाडीचे कलणे रोखणाऱ्या स्टॅबिलायझरचे लिंक रॉड नवे टाकले. काढलेल्या लोअर आर्मच्या मागच्या बुशात रबर आणि लोखंडी नळी यांचा संबंधच उरला नव्हता. नळी काढायला बोटही पुरले. बोल्ट गाडी चाकांवर उभी करून आवळून घेतले. सामान आणि मजुरी मिळून सोळा हजार आठशे, अलाइनमेंटचे पाचशे वेगळे.

काल पुन्हा करूळ घाट उतरलो. कलणे नाहीसे झालेले नाही, पण पूर्वी गाडी वळणात कलून मग पुन्हा एक हिसका घ्यायची, तो दुसरा हिसका गेला. आई तिसऱ्या वळणानंतर मूठ सोडून मोबाइलवर बहिणीशी बोलत होती. केबल टाय या वेळी रबरापासून नऊ मिलिमीटर अलीकडे थांबला.

एकच गंमत झाली. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत आधी मागे ३८८ मिलिमीटर भरत होते, ते आता ३९४ भरते. गाडी खाली बसवायला निघालो आणि ती सहा मिलिमीटर वर गेली.

कोकणवाट

हा धागा मी वर्षभर विसरणार नाही.

मीटरपट्टी

दाबाखालचा गॅस दांड्याला बाहेर ढकलत असतो, त्यामुळे नव्या गॅस शॉकअपवर गाडी काही मिलिमीटर वर येते, हे खरेच आहे. पण सहा मला जास्त वाटतात. आधी मोजले तेव्हा टाकी किती भरलेली होती?

करवीरकर

बरोबर पकडलेत. आधीचे माप घेतले त्या दिवशी टाकी काठोकाठ होती आणि काल घाटातून आल्यावर काटा लाल पट्टीला टेकला होता. आज सकाळी टाकी भरून, त्याच जागी उभी करून पुन्हा मोजले. ३९१ भरले. म्हणजे तीन टाकीचे आणि तीन शॉकअपचे.

पंजा अजून आडवा जातो, आता थोडा सैलच.